वीतभर टॅग

सुताचा टॅग. लांबी वीतभर. दोन्ही टोकांना पत्र्याची बारीक नळी दाबून बसवलेली, कागदाच्या भोकातून सरळ पार व्हावी म्हणून. पांढरं सूत, त्यात एखादा हिरवा पीळ. दुकानात जुडीने मिळायचा, आणि जुडी बांधायलाही त्यातलाच एक टॅग असायचा.

तहसील कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो तेव्हा अव्वल कारकुनांनी टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या, टॅगची जुडी आणि दाभण. कचेरी जालना जिल्ह्यातली. तालुक्याचं नाव सांगण्याचं कारण नाही. पुढे नोकरीभर कितीतरी सामान आलं आणि गेलं. टंकयंत्र गेलं, सायक्लोस्टाइल गेलं, जाड काचेचे पेपरवेट गेले. त्यांच्यासाठी जीव तुटला असं नाही. टॅगवर मात्र माझं प्रेम आहे, आणि तो माझ्यादेखत नाहीसा होतो आहे. म्हणून ही यादी. टॅगची, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंची.

आधी तो बांधतात कसा ते. कागदांच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात भोक. सर्वांत जुना कागद तळाला, नवा वर. एका अंगाला टिपणी, दुसऱ्या अंगाला पत्रव्यवहार, आणि प्रत्येक पानाला शाईने क्रमांक. नवा कागद आला की गाठ सोडायची, कागद वरून ओवायचा, पुन्हा गाठ. चालू फाईलला नेहमी सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. प्रकरण संपलं, 'दप्तरी दाखल' असा शेरा पडला, साहेबांची सही झाली, की निरगाठ. कुठलंही परिपत्रक न वाचता केवळ गाठीला हात लावून कळायचं की प्रकरण जिवंत आहे की मिटलं.

स्टेपलरला हे जमत नाही. तो एकदा दाबला की दाबला. पान वाढवायचं तर पिन उपसा, कागद फाडा, पुन्हा दाबा. पंचिंग करून बॉक्स फाईलला लावलेले कागद बरे, पण त्या फाईलला जाडीची मर्यादा असते. टॅगला नसते. एक पुरला नाही तर दोन टॅग टोकाला टोक बांधायचे. 2012-13 च्या दुष्काळात आमच्या टँकरच्या फाईलींना असेच जोडटॅग लागले. जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या, लोक खोडं तोडून सरपणाला नेत होते, आणि कचेरीत रोज खेपांच्या नोंदी येत होत्या: गाव, टँकरचा क्रमांक, वेळ, खाली सह्या आणि अंगठे. एप्रिलपर्यंत ती फाईल एका हाताने उचलेना. टेबलावर ठेवली की तिचा आवाज व्हायचा आणि साहेब मान वर करून बघायचे.

टॅगची मला वाटणारी खरी थोरवी इथे आहे. प्रकरण जुनं होत गेलं की फाईल जड होते, आणि ते वजन रोज कुणाच्या तरी हाताला लागतं. संगणकाच्या पडद्यावर प्रलंबित प्रकरणांची यादी असते. त्यात पाच दिवसांचं प्रकरण आणि पाच वर्षांचं प्रकरण एकाच उंचीच्या ओळीत बसतं. शेजारी दिनांक असतो, मान्य. पण दिनांक वाचावा लागतो. वजन वाचावं लागत नाही.

शेतरस्त्याची प्रकरणं घ्या. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906. त्याच्या कलम 5 खाली अडवलेल्या वाटेचा दावा तहसीलदारापुढे चालतो. एक बांध, दोन भाऊबंद, बैलगाडी जाईल एवढी वाट. अर्ज, नोटीस, जबाब, स्थळपाहणीचा पंचनामा, नकाशा, पुढची तारीख, पुन्हा पुढची तारीख. अशाच एका प्रकरणातले म्हातारे अर्जदार दर तारखेला येत. धोतर, डोक्याला पटका, हातात कापडी पिशवी. सुनावणी झाली काय, पुढे ढकलली काय, जाताना ते माझ्या टेबलाशी थांबायचे आणि एकच विचारायचे, “भाऊसाहेब, मपला कागद हाये ना त्याच्यात?”

मी सुरगाठ सोडायचो. वरचे कागद एकेक करून पालथे घालायचो, पार तळाला जायचो. तिथे त्यांचा पहिला अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प लावलेला, खाली निळा अंगठा. ते त्या अंगठ्यावर आपला अंगठा टेकवायचे, मान हलवायचे आणि निघायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. पण आपला कागद जागेवर आहे, सगळ्यांत खाली आहे, म्हणजे पहिला मान आपला आहे, एवढं त्यांना त्या टॅगकडे बघून कळत होतं. आज त्यांना मी काय दाखवलं असतं? पडद्यावरचा प्रकरण क्रमांक?

दुसरं एक. टॅगमधून कागद चोरता येत नाही असं नाही, चोरता येतो. पण गाठ न सोडता घाईने ओढला तर कोपरा आत राहतो. लहानसा तिकोनी तुकडा, सुताला अडकलेला. वरच्या-खालच्या पानांचे क्रमांक तुटलेले आणि मध्ये हा तुकडा. असा तुकडा मी पाहिला आहे. तो नसता तर तो कागद कधी होताच हे कुणी मानलं नसतं. फाईल हातात आली की आमचे अव्वल कारकून आधी कोपरा तपासायचे, मजकूर नंतर.

दाभण. मुठीचं लाकूड हाताच्या घामाने काळं झालेलं. खरं तर हे मोंढ्यातलं हत्यार. तूर, सोयाबीन, मक्याची पोती शिवणारे हमाल ज्या दुकानातून दाभण आणि सुतळी नेतात तिथूनच कचेरीचं दाभण यायचं. जाड गठ्ठ्याला पंचिंग मशीन पुरत नाही; खाली लाकडी फळी ठेवायची, दाभण उभं धरायचं आणि तळहाताने दाब द्यायचा. आधी चार कोपरे जुळवून घ्यायचे, नाहीतर गठ्ठा तिरका बसतो.

अडत्याच्या गादीजवळची तार. भिंतीच्या खिळ्याला आकडा, त्यात दिवसभराच्या काटापट्ट्या खोचलेल्या. संध्याकाळी मुनीम तार उतरवून तळापासून हिशेब लावायचा, कारण तळाची पट्टी सकाळची. टॅगची चुलत बहीणच ती. 'जालना सोने का पालना' म्हणणाऱ्या गावात मालाचा हिशेब अशा तारांवर टांगलेला असे. आता छापील पट्टी लगेच निघते. हे बरं झालं. शेतकऱ्याला काय कापलं ते तिथल्या तिथे दिसतं.

टाचणी. हिच्यावर माझा राग आहे आणि लोभही. कागद तात्पुरते जोडायला तिच्यासारखं काही नाही, पण पावसाळा लागला की गंजते आणि कागदाला तपकिरी डाग पाडून खाते. जुन्या दप्तरात टाचणी असलेला कोपरा बहुधा भुगा झालेला सापडतो. टॅगच्या सुताने कागद खाल्लेला मी पाहिलेला नाही.

तिची सोबतीण जेम क्लिप मात्र आमच्या जिल्ह्यात कचेरीबाहेरही कामाला लागते. जालना बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको इथेच सुरू केली, 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. वाण तयार करण्याच्या प्लॉटवर बाजरीच्या, ज्वारीच्या कणसावर कागदी पिशवी चढवतात, परका पराग बसू नये म्हणून. आणि पिशवीचं तोंड क्लिपने किंवा यू पिनेने बंद करतात. वाऱ्यावर डुलणारी कागदी टोपीची कणसं आणि प्रत्येकाला कारकुनाच्या टेबलावरची क्लिप. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

कार्बन. निळा आणि काळा. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा तलाठ्यांनी पंचनामे मांडीवर वही घेऊन, आत कार्बन घालून लिहिले. वरची प्रत आम्हाला, खालची त्यांच्याकडे. कार्बनप्रतीवर पेनचा दाब उमटतो. आडवी पडलेली गव्हाची रानं बघत लिहिणाऱ्याचा हात कुठे जड झाला ते कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं की लागतं.

टीपकागद. मी रुजू होईपर्यंत गेलेला होता. एका जुन्या वहीत गुलाबी तुकडा सापडला, त्यावर उलटी अक्षरं.

बस्ता. टॅगने बांधलेल्या फाईली शेवटी ज्यात जातात तो चौकोनी कापडी रुमाल. महसूल खात्यात कागदांचे वर्ग ठरलेले: 'अ' कायमचे, 'ब' 30 वर्षांचे, 'क' 10, 'क-1' पाच, 'ड' एका वर्षाचे. कापडाचा रंगही ठरलेला. अ ला लाल, ब ला हिरवा, क ला पिवळा, ड ला पांढरा. त्याआधी टेबलावर सहा गठ्ठे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेखात पाठवायचे आणि नष्ट करायचे. नव्या कारकुनाला हे पाठ करायला लावत. मला ते पाठ करावं लागलं नाही, आवडलंच. कागदाचं आयुष्य किती आणि त्याने कुठे राहायचं हे इतक्या नीटपणे कुणीतरी ठरवून ठेवलं आहे, याचं मला आजही कौतुक आहे.

कागद जपण्याची ही ओढ आमच्या मातीत जुनी आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांबला 1608 साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. दासबोधाच्या 19व्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं असावं, समास किती सोडावा, बोरू कुठले घ्यावे, पोथी कशी जपावी. मोक्ष सांगणाऱ्या ग्रंथात कागद-बोरूला अख्खा समास मिळतो. आमच्या कचेरीतले एक जुने शिरस्तेदार नव्या पोरांना हा समास वाचायला सांगत, आणि योग्यच सांगत.

जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. औरंगाबाद आणि परभणीतून तालुके आले, परतूर परभणीकडून. तालुके आले म्हणजे कागदही आले. जुन्या लोकांना हातानेच कळायचं की हा गठ्ठा कुठून आला. गाठी मारण्याची ढब वेगळी, शाई वेगळी, क्रमांक टाकायची जागा वेगळी. त्याही मागे गेलं की निजामाच्या राजवटीतलं दप्तर. उर्दू, मोडी, मध्येच मराठी. टॅग नाही, दाभणाने ओवलेला दोरा.

हे दप्तर कुणी फारसं उघडत नव्हतं. मग 2023 चा ऑगस्ट आला. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, 1 सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला, आणि त्याच महिन्यात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकाळातल्या कागदांत कुणबी अशी नोंद कुणाची सापडते ते शोधायचं होतं. जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, खासरा पत्रकं, शाळेचे प्रवेश-निर्गम. मोडी वाचणारे शोधले, उर्दू वाचणारे शोधले. आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू खरी हे मी इथे बोलत नाही. मी बोलतो आहे त्या दोऱ्याबद्दल. एका ओळीसाठी लोक तालुक्याच्या गावी दिवस दिवस बसले होते, आणि ती ओळ सापडायची की नाही हे पुष्कळदा एवढ्यावर अवलंबून होतं, की कधीकाळी एका कारकुनाने तो कागद त्याच्या गावाच्या गठ्ठ्यात ओवला होता की नुसता वर ठेवून दिला होता. ओवलेला कागद मिळाला. सुटा ठेवलेला कुठल्या तरी दुसऱ्या गावाच्या बस्त्यात गेला असेल, किंवा गेलाच.

आता स्कॅनिंगबद्दल. मी त्याच्या विरोधात नाही. डिजिटल सहीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला. त्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरणारा माणूस घरी बसून उतारा काढतो, हे चांगलंच झालं. जुने अभिलेख स्कॅन झाले तेही चांगलं. पण ते काम होताना मी जे पाहिलं ते लिहायला हवं. स्कॅनरला सुटा कागद लागतो. निरगाठी सोडवत बसायला कुणाला वेळ नव्हता. मुलं कात्रीने टॅग कापत होती. एक चुटकी, पुढची फाईल. संध्याकाळी झाडूने टॅगांचा ढीग कोपऱ्यात लोटला. पोरांचा दोष नाही. त्यांना पानांमागे पैसे होते, गाठींमागे नव्हते.

स्कॅन झालेले कागद परत आले ते रबर बँड लावून. रबर जालन्याच्या दोन उन्हाळ्यांत आधी चिकट होतं, मग कागदाला डसतं, मग तुटतं. तुटल्यावर तो गठ्ठा गठ्ठा राहत नाही. काही पानांची पाठ स्कॅन करायची राहिली होती. अर्जाच्या पाठीवर तर सगळं असतं: मंडळ अधिकाऱ्याचा शेरा, कुणी कधी वाचून दाखवलं, कुणी अंगठा द्यायला नकार दिला. पुढची बाजू पडद्यावर आली, मागची कागदावरच राहिली, आणि कागद आता कुठल्या क्रमात आहे हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

काही दप्तर मी निवृत्तीआधी पुन्हा ओवलं. सगळं नाही, जेवढं झालं तेवढं. 'अ' वर्गातलं आधी. क्रमांक जुळवायचे, न जुळले तर मध्ये कोरी चिठ्ठी घालायची, 'पान 14 आढळले नाही', खाली दिनांक आणि सही. मग दाभण, मग टॅग, निरगाठ, लाल रुमाल. हे काम कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या नोकरीतलं सगळ्यांत समाधानाचं काम हेच.

लाख. पितळी शिक्का. मेणबत्ती. ब्लेड. डिंकाची बाटली. सुतळी. पुठ्ठ्याची, दोरा ओवलेली पत्त्याची पट्टी. या सगळ्या वस्तू एरवी नाहीशा झालेल्या, पण निवडणुकीत एका पिशवीत भरून परत येतात. मतदान केंद्राध्यक्षाच्या साहित्याची यादी वाचा. यंत्र अत्याधुनिक, त्यावर नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेलं हिरवं कागदी सील, मतदाराच्या बोटाला म्हैसूरची शाई. आणि यंत्राच्या पेटीला शेवटी दोरा, दोऱ्याला पत्त्याची पट्टी, पट्टीवर वितळलेली लाख. विश्वासाचा प्रश्न आला की सरकार आजही दोरा आणि गाठच मागवतं. 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा मतदानाच्या आदल्या दिवशी एका तरुण शिक्षिकेला ही पिशवी मोजून घेताना पाहिलं. लाखेची कांडी हातात घेऊन त्यांनी शेजारच्या वयस्कर शिपायाला विचारलं, “मामा, हे कसं वापरायचं?” मामांनी मेणबत्ती पेटवून दाखवलं. कांडी ज्योतीत धरायची नाही, ज्योतीच्या वर धरायची. नाहीतर काळी पडते आणि शिक्का नीट उठत नाही.

टॅग अजून मिळतो. वकिलांना लागतो, शाळांना लागतो, म्हणून. जालन्याच्या सदर बाजारात स्टेशनरीच्या जुन्या दुकानात विचारा. दुकानदार आधी प्लॅस्टिकच्या टोकाचा, नायलॉनचा दाखवेल. तो घेऊ नका. नायलॉनची गाठ फाईल उचलताना आपोआप घसरते. सुताचा मागा. जुडीतला एक ओढून घ्या, पत्र्याचं टोक नखाने दाबून बघा. फिरलं तर ते चार दिवसांत निघणार, जुडी परत करा. टोक घट्ट असेल तर सूत बोटाभोवती वळसा देऊन सुरगाठ मारा आणि ओढा. एका झटक्यात सुटली, सुताला पीस उठलं नाही, तर जुडी घ्या. त्याच दुकानात दाभण मागा. मुठीचं असेल तर तेही घ्या, कारण बिनमुठीचं तळहाताला लागतं.